कुणी धरला

शिकारखान्याच्या वहीत पाच रकाने होते:
तिथी, ठिकाण, कुत्री, सावज,
आणि शेवटचा, सगळ्यात अरुंद: कुणी धरला.
कंपूतल्या कचेरीत बसून मी ते भरायचो.
डावा गुडघा लहानपणीच गेलेला,
त्यामुळे रान मला ऐकूनच ठाऊक.
दिवेलागणीला नन्हेखां डोऱ्या यायचा,
पायताणं दाराशी काढून सांगायचा,
"लिखो बाबू, सांक के किनारे, कैरी ने, एक."
आणि कधीकधी, जरा जास्तच खुशीत,
"लिखो, निकल गया."
तेही मी लिहायचो. सुटलेल्या सशांनाही
वहीत जागा होती.

मग लढाई संपली आणि लिलावातून जीप आली.
मानसिंगरावांनी खाकीवर पिस्तई रंग चढवला,
मागची बाकं काढून कुत्र्यांसाठी गोणपाट अंथरलं.
पूर्वी कारवानी कुत्री सहा कोस चालत रानात जायची,
पोचेतो त्यांच्या जिभा बाहेर,
सशाची झोप पुरी.
हा हिशेब कुणी मांडला नव्हता, पण होता.
आता ती बसून जात, ताजी उतरत,
आणि ससा घळीकडे वळला
की घळीच्या तोंडाशी जीप आधीच उभी.

मला आवडली जीप. हे सांगून टाकतो.
अकरा वर्षं जे लिहीत होतो
ते तिच्यामुळे पहिल्यांदा पाहिलं:
धावताना कैरीचे चारी पाय
क्षणभर पोटाखाली एका ओंजळीत मावतात.
ससा वळायच्या आधी त्याचा एक कान वळतो.
पुढच्या बाकावर, मांडीवर वही, दातांत माती,
मी हसत होतो.

माघातली संध्याकाळ. घाटीगावचा माळ.
दिवे लावले होते. ससा उजेडात आला
आणि उजेडाबाहेर पडेचना,
दोन्ही अंगांना भिंती असाव्यात तसा
सरळ पळत राहिला.
कैरी त्याच्या मागे, आम्ही कैरीच्या मागे,
मग बरोबरीने, मग
चाक जरासं उचललं गेलं.
खड्ड्यात उचलतं, त्याहून कमी.

कैरी वळून आली. सशाला हुंगलं.
तोंड लावलं नाही.
मग चाकही हुंगलं,
आणि बाजूला जाऊन बसली,
चुकीच्या घरी जेवायला आलेल्या पाहुण्यासारखी.

मी दिव्याशी वाकून लिहिलं:
कुणी धरला: जीप.
मानसिंगरावांनी पेन्सिल मागितली,
खोडून लिहिलं: कैरी.
"वहीत गाडी कशी येईल, चिटणीस?
गाडीची काय पिल्लं विकायची आहेत?"
सगळे हसले. जरा उशिरा, मीही.

त्या साली कैरीच्या नावावर तेवीस ससे.
तेवढ्यावर तिची पिल्लं दतियाला गेली, दुप्पट भावाने.
ऐकलं, माळावर सोडली तरी ती बसून राहतात,
इंजिन घुरघुरलं की मगच कान टवकारतात.

पुढे एकदा मी नन्हेखांला विचारलं,
मरणारा ससा आधीही मरतच होता ना?
त्याने बराच वेळ बिडी पेटवली नाही.
"मरता था," म्हणाला. "पर हम भी तो थकते थे."

त्या संध्याकाळी तो जीपमध्ये चढला नाही.
कैरीची दोरी मनगटाला गुंडाळली
आणि लष्करच्या वाटेला लागला. दहा कोस.
आम्ही त्याच्या मागे, पहिल्या गियरवर.
मानसिंगराव ओरडत होते, "अरे बैस, हट्ट सोड."
दिव्यांच्या उजेडात त्याची सावली लांब गेलेली,
तिच्या शेजारी कैरीची, त्याहून लांब.
उतरावं असं मला वाटलं.
पण गुडघा दुखत होता.
खरंच दुखत होता.