निरापद

दिनेच्या पल्याड, सात नंबर कॅम्पात
निरापद हालदार राहायचा.
तिथून कुठल्याही बाजूला निघा,
दिवसभरात समुद्र लागत नाही.

आम्ही धिवर, पाणी आमचं.
म्हणून बाबाला त्याचा राग:
"हा बंगाली, बोडीत मासोळ्या पेरतो म्हन्ते!"
त्यानं पेरल्या. रोहू, कतला.
पुढच्या कार्तिकात बाबानंच बीज आणलं त्याच्याकडून,
हंड्यात, अंधार पडल्यावर,
कोणी पाहू नये म्हणून.

मोहाच्या खोडाचा आमचा डोंगा पाहून तो हसायचा.
"हा बोट? हा तो भात खायचा थाळी."
पण त्यात बसताना आधी पाण्याला हात लावून
कपाळाला लावायचा.

पत्र्याच्या पेटीत त्याचा एक बिल्ला होता.
चांदीचा. एका बाजूला परक्या राजाचं डोकं,
दुसऱ्या बाजूला लाट, लाटेतून वर आलेला एक हात.
बोटीच्या पोटात कोळसा टाकायचा तो.
बोट खडकावर फुटली त्या रात्री
कमरेला दोर बांधून सहादा उतरला,
अठरा माणसं वर काढली.
पाच गोरे, बाकी सिल्हेट-चाटगावचे.
मी सहावीत. "खोका, वाच तो," म्हणाला.
अक्षर अक्षर लावून वाचलं.
नाव चुकीचं कोरलं होतं.
"मग तो असेल दुसरा कोणी."

जमिनीच्या पट्ट्यासाठी कचेरीत विचारलं,
कुठला, केव्हा आला, कशावरून?
त्यानं धोतराच्या गाठीतून बिल्ला काढून टेबलावर ठेवला.
बाबूनं उलटून पाहिला, नखानं खरवडला.
"यावर गाव कुठं लिहिलंय?"
खरंच, नव्हतं.
अर्धं गाव मेघनेनं नेलेलं,
उरलेलं सीमेनं.

एकदा जाळं विणताना, मान वर न करता:
"अठरा नाय. एकोणीस हात पकडला.
एक सोडला."
सुई चालूच.
काहून, मी विचारलं.
"हात दोन मेरा. दोन."
आणि पंजे पसरून समोर धरले,
जणू मी मोजूनच पाहणार होतो.
कोळशाचे निळे डाग होते त्यांवर, कातडीच्या आत.

निरापद म्हणजे ज्याला धोका नाही,
असं त्याच्या लेकीनं सांगितलं मला,
तो गेल्यावर.

शेवटच्या वर्षी फेकजाळ्याची एक शिशाची गोळी हरवली.
त्यानं खिळ्यानं बिल्ल्याला भोक पाडलं,
राजाच्या कानाजवळ,
आणि गोळीच्या जागी ओवला.
त्या बाजूला जाळं आधी बुडायचं.
बाबा ओरडायचा काठावरून,
"वाकडं पडते भाऊ ते!"
"पडू दे," तो म्हणायचा.
"तिकडे कोणी असेल, तो धरेल."

जाळं आता माझ्याकडं आहे.
गोळी मिळते बाजारात, दहा रुपयाला.
अजून वाकडंच पडते.