आधी जुना काढा

जेल रोडवर बमांच्या पोराने
खोक्याला टेप गुंडाळता गुंडाळता बजावलं,
"दीदी, पहले पुराना ड्राइवर पूरा हटाना,
नहीं तो दोनों आपस में उलझेंगे."
मी मान डोलावली.
अप्पा स्कूटरला टेकून ऐकत होते.
महू नाक्याच्या सिग्नलला मागून म्हणाले,
"कोणाला हटवायचंय?"

सुदामानगरातली मागची खोली,
दोन हार्डडिस्क भरून दुसऱ्यांची लग्नं.
आठ वर्षांच्या कार्डाचा पंखा
सप्तपदीच्या चौथ्या पावलाला गळा काढतो,
नवरी जागीच अडकते,
उपरणं पुढे निघून जातं.

मी आधी इंटरनेटची वायर काढली,
नाहीतर विंडोज कोणाला न विचारता
जुन्यालाच परत बोलावून घेतं.
मग सेफ मोड. काळी पाटी,
चारी कोपऱ्यांत तेच दोन शब्द,
जणू एकदा सांगून मला कळत नाही.
अक्षरं एवढाली झाली
की अप्पांनी चष्मा कपाळावर ढकलला
आणि स्टुलावरूनच वाचलं, "रिसायकल बिन."
एकदम खुशीत.
"आता दिसतंय. राहू दे न असंच."
"अप्पा, आत्ता हिला ड्रायव्हर नाहीये."
"म्हणूनच. उभ्या गाडीची पाटी
कोणालाही वाचता येते."

एकोणतीस वर्षं रोडवेजमध्ये होते.
इंदूर–बडवानी. मानपूरचा घाट, खलघाटला चहा.
मग एका सोमवारी डेपोच्या फाटकाला कुलूप,
आणि हिशेबाचा कागद,
त्यात त्र्यंबकचं त्रिम्बक झालेलं.
तो त्यांनी दुरुस्त करून घेतला नाही.
अजून पावणेपाचला उठतात,
ओट्याशी लावलेल्या माझ्या स्कूटरचे टायर
अंगठ्याने दाबून बघतात,
एकदा पुढचा, एकदा मागचा,
आणि परत येऊन आडवे होतात.

'लपलेली उपकरणं दाखवा' म्हटलं
तर फिकट रंगात सगळे उभे:
विकून टाकलेला प्रिंटर,
कुठल्याशा नवरदेवाच्या मामाचा पेनड्राइव्ह,
भिजलेला कॅमेरा,
तीन माउस, त्यातला एकही जिवंत नाही,
आणि एक फोन,
ज्याचा नंबर आता रतलामच्या कोणा परक्याला मिळालाय.
मी एकदा लावून बघितला होता.
यादी इतक्या वर्षांत कोणीच साफ केलेली नाही.
मी कार्डापुरतीच खूण केली.

बटण दाबायच्या आधी अप्पांनी विचारलं,
"काढलेल्याला काय देतात?"
"काही नाही देत."
"लेखी?"
"लेखीसुद्धा नाही, अप्पा."
ते हसले, मग मीही,
पण बटण माझ्याने दाबवलं गेलं नाही लगेच.

वीज बंद. पत्र्याला हात लावून
अंगातलीही सोडून दिली.
खिट्टी दाबली, जुनं कार्ड उचललं.
पंख्यात धुळीची राखाडी गादी.
अप्पांनी ते दोन्ही हातांत घेतलं,
फुंकर मारली, सगळी माझ्या तोंडावर,
पेपरात गुंडाळलं आणि सुतळी मागितली.
"फेकायचं नाही," म्हणाले, "गरम आहे अजून."

नवं बसलं, खट्.
नवा ड्रायव्हर आधीच उतरवून ठेवलेला.
हिरवी पट्टी सरकू लागली,
चाळीस, बावन्न,
चौसष्टवर येऊन स्क्रीन मिटला.

ठार काळा.
मला माहीत होतं, दोन सेकंद असं होतं.
बमांच्या पोरानेही सांगितलं होतं.
खोलीत फक्त नव्या पंख्याचा बारीक आवाज
आणि शेजारी, स्टुलाखाली,
अप्पांचा उजवा पाय
फरशीवर पूर्ण दाबलेला.

उजेड आला. अक्षरं परत बारीक.
त्यांनी चष्मा खाली ओढला,
काही वाचलं नाही.
पाय मात्र हळूहळू उचलला,
मागे बसलेल्या कोणाला
धक्का लागू नये तसा.