पान्हा

उचगावच्या लॉनवर मंगलाष्टकं चाललेली
आणि वर माझा ड्रोन.
‘सावधान’ला सगळ्यांची तोंडं आभाळाकडं,
निम्म्या अक्षता नेम चुकून भटजींच्या पोथीवर.
नंतर मुलीचा मामा पाकीट देताना म्हणाला,
शूटिंग चांगलं आलंय रं,
पण आत्या म्हणत होती त्या अष्टका ऐकूच येईनात.
घरघर तेवढी आली.

म्हणून तीन गोळा केले.
एक माझा, जुना, एका पात्याला फेविक्विक लावलेला.
एक सुहेल शिकलगारचा, कोरा,
अडीचशे ग्रॅमच्या आतला, ओंजळीत झोपेल एवढा.
एक वडगावच्या स्टुडिओतला थोराड,
त्याची पाती माझ्या वितीहून लांब.
मोबाईलवर डेसिबल मोजायचं ॲप, फुकटातलं.

उजाडता उजाडता गंगावेशीत, दूध कट्ट्यावर.
दुसरीकडं कुठं एवढं शांत?
इराप्पा गवळी हौसाच्या कासेला भिडलेला,
तालमीतली दोन पोरं ग्लास घेऊन उभी,
कान चुरगाळलेले, नुकती लाल माती धुतलेली.
‘मामा, वीस फुटांवर धरतो. चालंल?’
‘धर की. हौसानं बँजो पार्टी बघितलीया,
गणपतीत डॉल्बीखाली उभी ऱ्हायलीया.
तुझं पाखरू काय करतंय तिला.’

माझा आधी.
काकवीच्या काहिलीवर घोंगावणारी गांधीलमाशी.
एकाहत्तर.
हौसानं डावा कान झटकला.
धार चालू.

मग सुहेलचा.
चौसष्ट! सुहेल तिथंच नाचला,
‘बघ, आपला नाद करायचा नाय.’
पण तो नाद नव्हताच, ती सुई होती,
दिवा मालवल्यावर कानाशी येणारं चिलट,
दाढ कोरणारं बारीक यंत्र.
हौसानं मान वर केली,
डोळ्यांत पांढरं दिसलं,
आणि इराप्पाच्या बोटांत धार तुटली.
त्यानं सड ओढला, पुन्हा ओढला. काही नाही.
‘पान्हा चोरला की रं!’
पोरांनी रिकाम्या ग्लासांतून आधी हौसाकडं पाहिलं,
मग आमच्याकडं.
सुहेलनं पाखरू घाईनं खाली घेतलं.

थोराड उडवायचा नव्हता खरं तर.
तालमीतला थोरला म्हणाला, आता उडवच.
घुमला.
दुपारी वाश्यात शिरलेला भुंगा,
दोन गल्ल्या पलीकडं चाललेली पिठाची चक्की.
एकोणसत्तर, कधी सत्तर.
पाच अंक जास्त, आणि तरी
हौसाचा जबडा हळूहळू पुन्हा हलू लागला.
इराप्पा कासेवर थोपटत राहिला,
कानडीत तिच्याशी काहीबाही बोलत.
किती वेळ गेला, मोजला नाही.
सत्तरच्या घुमण्याखाली तिनं पान्हा सोडला.

मी वहीत तीन आकडे लिहिले
आणि चौथ्या रकान्याला नाव सुचेना.
थोराडाची किंमत माझ्या चार लग्नांएवढी.
सुहेल तोंड पाडून बॅटऱ्या मोजत होता.

इराप्पानं मलाही ग्लास दिला, कोमट, वर बोटभर फेस.
‘घे. पैसं नगं. परत मात्र येऊ नगंस.’

ड्रोन पेटीत गेल्यावर ध्यानात आलं,
ॲप चालूच राहिलंय, मोबाईल कट्ट्यावर,
बादलीच्या बाजूला,
आणि काटा हलतोय इराप्पाच्या हाताबरोबर,
बावन्न, पंचावन्न, बावन्न.
तेवढ्यात दुसरी म्हैस आली, साखळी वाजली,
आणि तो आकडा मी लिहायचा राहिलो.