दहा सेकंद

थोंगयंगच्या बंदराजवळ, चिकन तळणाऱ्या दुकानाच्या डोक्यावर
आमचं पीसी-बांग. रात्रपाळी माझी.
तीननंतर गिऱ्हाईक पातळ होतं,
खुर्च्यांवर नुसते कोट उरतात
आणि कोटांत झोपलेली मुलं.
तेव्हा मी आणि सुंग-गू ती चाचणी लावतो:
स्पेसबार बडवायचा, दहा सेकंद,
आकडा चढत जातो आणि एकदम थिजतो.

सुंग-गू चौऱ्याहत्तर. मी एकाहत्तर.
तो मनगट ताठ करून थरथरवतो, हिव भरल्यासारखं.
मी दोन बोटांनी, आळीपाळीने.
ही लबाडी आहे, म्हणतो तो.
असेल. तरी तीन कमीच.

पावणेचारला आई येते, कामावर जाता जाता.
जम-न्ये नाव तिचं, पण कालवांच्या शेडमध्ये
तिला तेरा नंबरचं टेबल म्हणतात.
रबरी बूट, कोपरापर्यंतचे हातमोजे काखेत,
डब्यात भात, वर अंड्याची घडी.
ती कधी बसत नाही.
त्या दिवशी मी बसवलं.

"याने काय होतं?"
काही नाही. वेग कळतो.
"कुणाला?"
दाब तू, मी म्हटलं.

तिने बोट आधी एप्रनला पुसलं.
मग एकेक दाबा,
घरात कुणी आजारी असावं
अशा दारावर टकटक करावी तसा.
दर वेळी पडद्याकडे बघायची, उमटलं का.

एकतीस.

सुंग-गू हसला नाही, याचंच मला वाईट वाटलं.

"दहा सेकंदांत?"
हो.
तिने अंगठ्याचं पेर चाचपलं,
जिथे सुरी वीस हिवाळे एकाच जागी टेकून
कातडीची करवंटी झालीय,
आणि ओठांतल्या ओठांत काही मोजलं.
"तेवढ्यात माझी तीन कालवं होतात.
चौथ्याची फट सापडलेली असते."
बढाई नव्हती. बाजारात भाव सांगावा तसं.
"तुझ्या एकाहत्तरांचं वजन किती भरतं?"

वजनकाटा शेडच्या टोकाला असतो.
कवचं धरत नाहीत. फुटलेलं मांस धरत नाहीत.
पहाटे चार ते दुपारी तीन,
त्यात दहा-दहा सेकंद किती बसतात
हे मी मोबाईलवर करायला घेतलं होतं एकदा,
मधेच कुणीतरी नूडल्स मागितले.

जिन्यावर बुटांचा आवाज विरला.
सुंग-गू म्हणाला, चल, पुन्हा.
मी चौसष्टावर अडकलो.

मग सहा नंबरचा मुलगा डोळे चोळत
त्याच खुर्चीत येऊन बसला,
कीबोर्ड हुंगला, नाक मुरडलं,
"इथे काय सांडलंय?"

काही नाही, म्हटलं,
आणि फडकं शोधायला
फार वेळ लावला.