बावीस नंबरची जागा

ऑक्लाहोमात धरणाच्या पाण्याला आम्ही तळंच म्हणतो,
काठ सत्तर मैलांचा असला तरी.
मी व्हर्लिन स्टोक्स, इथल्या कॅम्पचा राखणदार.
पगार नाही. ट्रेलरला वीज फुकट,
आणि एक पिवळं जाकीट, पाठीवर 'यजमान' लिहिलेलं.
कामं अशी: शेकोट्यांची राख उपसायची,
लोक विसरून गेलेले तंबूचे खुंटे गोळा करायचे
(गेल्या मोसमात दोनशे अकरा),
दहानंतर गिटारवाल्यांना सांगायचं, बाबांनो, पुरे.
आणि रोज सकाळी फळ्यावर खडूनं आकडा लिहायचा,
पाण्याची पातळी, फुटांत.
आकडा फोनवर येतो, धरणाच्या ऑफिसातून.
पाण्याकडे बघून मी तो कधीच लिहिला नव्हता.

मे महिन्यातली शेवटची सुट्टी. सगळ्या जागा भरलेल्या.
अठरात जेट-स्कीवाली पोरं,
एकोणिसात नवं जोडपं, तंबूची सूचना उलटी धरून वाचणारं,
एकविसात डेकर्टबाई, त्यांच्या कुत्र्याला स्वतःची खुर्ची,
आणि बावीसमध्ये तुल्साहून आलेले व्हांग,
तीन गाड्या, नऊ मुलं,
भाताचा कुकर माझ्याच खांबावरच्या प्लगला.

त्यांची म्हातारी, मायी येर, माझ्या कोपराएवढी.
दिवस कलल्यावर ती काठावर गेली,
वाळूत एक काडी रोवली,
काडीकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं,
आणि येऊन मासे साफ करायला बसली.
मी नातवाला विचारलं, देवाधर्माचं काही?
"छे," काँग मेंग म्हणाला, "माप आहे.
कुठल्याही पाण्याजवळ लावते.
एकदा मोटेलच्या स्विमिंग पूलपाशी लावलेली, कुंडीत."
मी हसलो. फळा दाखवला: सातशे चौदा.
तिनं तो पाहिला,
परक्याच्या बाळाचा फोटो पाहावा तसा.

वर कॅन्ससच्या अंगाला दिवसभर कोसळत होता.
आमच्याकडे टिपूर चांदणं.

अडीचला पातेलं वाजलं.
पातेलं आणि पळी, थांबायचं नावच नाही.
मला आधी वाटलं रॅकून, मग वाटलं आग.
टॉर्च घेऊन धावलो तर
काडी नव्हती.
काडीच्या जागी पाणी, काडीच्या अलीकडे पाणी,
टेबलाचे पाय घोट्यापर्यंत बुडालेले.
इतकं गुपचूप आलं होतं,
उशिरा घरी येणारं पोर येतं तसं, बूट हातात घेऊन.

मग जे झालं त्याला शिस्त नव्हती.
नऊ मुलांनी तंबू उचलले, आतल्या माणसांसकट.
नवरदेवानं बायको सोडून बर्फाची पेटी वाचवली
(त्यावर त्यांचं काय झालं, मला माहीत नाही).
कुत्रं खुर्चीतूनच वर गेलं.
तेविसातला ओडेल कानातलं यंत्र काढून झोपतो;
त्याचा ट्रेलर जेट-स्कीवाल्यांनी ट्रकला जोडून ओढला.
तो सकाळी उठला टेकडीवर, आणि म्हणाला,
रात्री माझं दार पूर्वेला होतं.

वरच्या पार्किंगमध्ये, उजाडताना,
म्हातारीनं सगळ्यांना भात वाढला, कागदी ताटल्यांत.
मी नातवाला म्हटलं, विचार ना,
हे काडीचं कुठं शिकल्या?
त्यानं विचारलं नाही.
"मेकाँग," एवढंच तो म्हणाला, "ती सात वर्षांची होती,"
आणि माझ्या ताटलीत आणखी एक मासा ठेवला.

सात वाजता ऑफिसातून फोन आला: सातशे एकोणीस.
फळा तेव्हा पाण्यात उभा होता, गळ्याइतक्या,
वरचा चौदा अजून वाचता येत होता.

आता ऑगस्ट. पाणी उतरलंय, बावीसमध्ये चिखल वाळलाय.
आकडा मी अजून लिहितो. लिहावा लागतो.
पण संध्याकाळी त्या दोनशे अकरांतला एक खुंटा घेऊन
खाली जातो, आणि दगडानं ठोकतो.
डेकर्टबाई खुर्चीतून ओरडतात
(कुत्रं शेजारच्या खुर्चीत),
व्हर्लिन, अरे, तंबू कुठाय?