छप्पर

त्सिआलाबाईंनी गाडी आणली तेव्हा
तिचं छप्पर अर्ध्यावरच अडकलं होतं,
जांभई देता देता कुणी हाक मारावी तसं.

रुस्तावीच्या बाजारात अकरा हजार लारी.
कातडी सीट, लाकडी पट्ट्या, सायीच्या रंगाचं अंग.
एवढ्यात असली गाडी मिळते
तेव्हा उरलेली किंमत पुढच्या वळणावर
बसलेली असते वाट बघत.
हे सांगायला उशीर झाला होता. त्या घेऊनच आल्या.

गालिचा उचलला.
खाली बारीक पांढरी वाळू, आमच्याकडे नसते तसली.
दाराच्या आतून गुडघाभर उंचीवर तपकिरी रेघ:
पाणी इथवर चढलं होतं.
फ्लोरिडातलं कुठलंसं वादळ,
मग लिलाव, मग जहाज, मग पोतीचा धक्का,
मग कुणीतरी सीटना अत्तर चोपडलं असणार.

"काय ते एकदाच सांग, ओतिया.
तुकड्यातुकड्यानं नको."

सांगितलं.
छपराचा पंप गेलाय, तेल सगळं डिकीत. सतराशे.
पाणी जायच्या वाटा पानांनी तुंबल्यात,
ते तारेचं काम, फुकट करीन.
पण त्या तुंबल्या म्हणून डिकीतला मॉड्यूल बुडाला.
नवा बावीसशे.
आणि नवा आला तरी तो गाडीला ओळखत नाही,
तिबिलिसीहून लेवान येतो लॅपटॉप घेऊन,
दोघांची गाठ घालून द्यायला. त्याचे दोनशे.
मागचं उजवं एअर सस्पेन्शन रात्रीत बसतं,
सकाळी गाडी एका कुशीवर. नऊशे.
चार आण्याची कोंबडी, बाई,
मसाल्याचं मी काय सांगू.

त्यांनी वही काढली.
बारीच्या कुठल्याशा औषधदुकानाची,
पुढची पानं गोळ्यांच्या वेळांनी भरलेली.
चौदा वर्षं इटलीत दुसऱ्यांच्या आया सांभाळल्या:
उचलायच्या, पुसायच्या, दर दोन तासांनी कूस बदलायची,
अंधारात श्वास मोजत बसायचं.
माझ्या आकड्यांसमोर त्या लिहीत गेल्या.
पंप: सतरा रात्री.
मॉड्यूल: बावीस.
लेवान: दोन. नुसत्या ओळखीच्या.

म्हटलं, छप्पर बंद करून ठोकून टाकू कायमचं,
दीडशेत होईल, चार चाकं तर आहेतच.
त्या माझ्याकडे बघत राहिल्या.
"सिन्योराला वारा सोसायचा नाही," म्हणाल्या.
"चौदा वर्षं मी खिडकी उघडली नाही."

मग पान उलटून:
"पंप घाल. मॉड्यूल घाल. सस्पेन्शन राहू दे,
एका कुशीवर झोपणाऱ्यांची सवय आहे मला."

पंप लिथुआनियाहून आला, जुनाच, पाच आठवड्यांनी.
तोवर नोव्हेंबर लागला होता.
कारखान्यांच्या बाजूनं थंड, लोखंडाच्या वासाचा वारा.
त्यांनी बटण दाबलं.
छप्पर उठलं, थबकलं
(मी श्वास धरला, खोटं कशाला बोलू),
मग घडी घालून मुकाट्यानं आत जाऊन बसलं.
समोरच्या टायरवाल्याची पोरं टाळ्या पिटत आली.

त्यांनी किल्ली फिरवली,
आणि मी तो आवाज ऐकला.
पहिले तीन सेकंद, इंजिनच्या तळाशी: टायमिंग चेन.
चार हजार, कदाचित पाच. तुटली तर इंजिनच.
मी हात पुसत राहिलो.
पुसून झालेले हात पुन्हा पुसले.

त्यांनी कान तिरका केला.
"छातीत घरघर आहे," म्हणाल्या.
"हो."
"किती दिवस?"
"एक हिवाळा. सांगता येत नाही."

त्यांनी वही उघडली नाही.
"सिन्योरालाही डॉक्टर एकच हिवाळा म्हणाला होता.
सहा काढले तिनं."

मग डोक्याचा रुमाल सोडून
शेजारच्या सीटवर ठेवला, नीट, चार घड्या घालून,
कोटाचं वरचं बटण लावलं
आणि फाटकातून बाहेर पडल्या,
मागची उजवी बाजू जराशी कलती.