काट्यावरची नोंद

मेलोच्या शर्यतीच्या मैदानात, पत्र्याच्या खोलीत,
एकतीस वर्षं मी पोरांची वजनं लिहिली.
घोड्यांची नाही.
घोड्याला कुणी विचारत नव्हतं, तुझं किती.

जुलैच्या थंडीत पोरं खोगीर कवटाळून रांगेत,
ओठ फुटलेले, डोळे आत गेलेले,
आदल्या रात्री अंगाला प्लास्टिक गुंडाळून धावलेली.
कुणी जेवणाऐवजी बर्फ चघळायचं,
कुणी दुपारभर डब्यात थुंकत बसायचं.
थुंकीलाही वजन असतं
हे मला त्यांनी शिकवलं.

आणि एखादा फारच हलका भरला
तर त्याच्या खोगिरात मीच शिसं सरकवायचे.
म्हणजे मांस चालत नव्हतं,
शिसं चालत होतं.
आज सांगताना अंगावर काटा येतो.
तेव्हा तो फक्त समोर होता, काचेच्या आत.

ओलिंतो सिल्वेरा. वय सतरा. हवे होते बावन्न.
त्या रविवारी भरला साडेबावन्न.
मी म्हटलं, नाक शिंकर, काहीतरी कर.
तो मागे गेला, कुणाचीतरी कात्री मागितली,
आला तो डोकं भादरून.
बावन्न, वर दोनशे ग्रॅम.
मी नुसते बावन्न लिहिले.
माझी दया तेवढीच.

कठड्याला टेकलेली माणसं म्हणत होती,
काय पोरगा आहे, पिसासारखा!
चौथ्या वळणावर घोडा वळला,
ओलिंतो नाही वळला.
पडल्याचा आवाजसुद्धा झाला नाही फारसा.
डॉक्टर म्हणाले, मोडलेलं काही नाही,
ह्याच्या अंगात पाणीच नाही.

मैदान बंद पडलं त्याला आता चार वर्षं.
परवा भंगारवाला यायच्या आधी तोच आला,
कोपरापर्यंत पीठ, हातात तेलाने पारदर्शक झालेला कागद,
आत गरम तोर्ता फ्रीता.
खाल्लेलं अंगी लागलेला माणूस.
न विचारता चढला माझ्या काट्यावर.
सुई सत्तरला गेली, पितळी खुंटीवर टकटक करत राहिली,
त्यापुढे तिला आकडेच नव्हते.
हसला. आधी पोट हसलं, मग तो.

म्हटलं, तब्येत कशी?
"साखर आहे थोडी. गोळी घेतो.
ओढ्यापर्यंत चालून येतो, भट्टी पेटवायच्या आधी."
मग जरा थांबून,
"उठलो की खोली फिरत नाही आता.
पावसारूपी म्हण, पाव म्हण, भूक लागली की
तिला नावाने हाक मारतो."

मागे त्याची लेक, यामिला, आठ वर्षांची.
चप्पल काढून तयार.
"आता माझं बघा ना. वर्गातल्या मुली म्हणतात..."

काय म्हणतात ते मी ऐकून घेतलं नाही.
पायानेच खिटी सरकवली.
मोडलाय गं, म्हटलं, तुझ्या बापाने आत्ताच मोडला.

ती बापाकडे बघून खो खो हसली,
खोगिराच्या खुंटीला एका हाताने लोंबकळली
आणि दुसऱ्या हाताने
कागदातला सगळ्यात मोठा तुकडा उचलला.